कारली, अळूचे उंडे, पापलेट बांधायला कुठला दोरा वापरता?

कर्जत_लोकल
नमस्कार मंडळी. भरली कारली करायची आहेत, सारण दाण्याचं कूट-खोबरं-चिंचगूळवालं, नेहमीचंच. रेसिपीच्या व्हिडिओत बाई म्हणतात "किचन ट्वाइनने बांधून घ्या". ऑनलाइन बघितलं तर त्या ट्वाइनच्या एका गुंडीच्या पैशात महिनाभराची कारली येतील. घरात शिवणाच्या डब्यात रिळं पडलीत, एक प्लास्टिकची सुतळी आहे, आणि मिठाईच्या खोक्याला आलेला लाल-पांढरा दोरा आहे. यातलं काय चालेल? की बांधायचंच नाही, टूथपिक खुपसायची? तुमच्याकडे काय करतात ते सांगा, कारल्याशिवाय इतर पदार्थांचंही चालेल.

पाटावरवंटा
तिन्ही नको.

प्लास्टिकची सुतळी बहुतेक पॉलीप्रॉपिलिनची असते, ती १६०-१६५ डिग्रीला वितळते आणि आपलं तळणीचं तेलच १७०-१८० ला असतं, म्हणजे काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिवणाची हल्लीची रिळं बहुतेक पॉलिएस्टरची. ते वितळायला अडीचशेच्या आसपास जावं लागतं हे खरं, पण तापलेला लोखंडी तवा तिथवर सहज जातो आणि दोरा नेमका तव्यालाच चिकटून असतो. मिठाईवाला दोरा सुती असला तरी त्याचा लाल रंग खाण्यासाठी केलेला नसतो, वाफेत सुटतो.

सुती, पांढरा, बिनरंगाचा, बिनमेणाचा. बास. सुती दोरा वितळत नाही, फार तर करपतो, आणि करपलेला दिसतो तरी.

ठसकेबाज
आजोबांचं जानवं चालेल का मग? सुती, पांढरं, बिनरंगाचं ;)
(हलके घ्या)

पाटावरवंटा
नवीन कोरं असेल तर तांत्रिकदृष्ट्या उत्तम. आजोबांना विचारून घ्या.

मुठाकाठ
पुण्यात असाल तर बोहरी आळीत जा, पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात सुती दोऱ्याची मोठी गुंडी मिळते, किलोवर देतात, तुमच्या नातवंडांना पुरेल. फक्त "सुती पाहिजे, मिक्स नको" हे तीनदा सांगा कारण दुकानदार "कॉटनच आहे ताई" म्हणून पॉलिकॉटन हातात ठेवतो. घरी आल्यावर इंचभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघायचा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली की सुती. आकसून काळा टणक मणी झाला की प्लास्टिकची भेसळ. मणीही होतो आणि राखही दिसते तर मिक्स, तो फुलांचे गजरे करायला ठेवा.

आणि वापरण्याआधी पाण्यात उकळून वाळवून घ्यायचा, पहिल्या पाण्याला खळ किती निघते ते बघाल तर पुन्हा कधी विसरणार नाही.

सूतकताई
खादी भांडारात सुताची गुंडी मिळते तीही छान, पण एकेरी सूत फार नाजूक, चार पदरी पिळून घ्यावं लागतं. माझं मत असं की कारल्याला, मिरचीला बारीक दोरा चालतो, मटणाच्या किंवा चिकनच्या रोलला जाडच पाहिजे, बारीक दोरा गरम मांसात रुततो आणि कापतो. तयार किचन ट्वाइन १६ प्लाय, २४ प्लाय असं लिहिलेलं येतं ते यासाठीच, जेवढे पदर जास्त तेवढा जाड.

कर्जत_लोकल
जाळून बघितलं. डब्यातल्या सगळ्या रिळांचा मणी झाला :( तागाची सुतळी चालेल का, ती तर नैसर्गिक आहे?

पाटावरवंटा
नैसर्गिक म्हणून खाण्यालायक असं नसतं हो. ताग कातायच्या आधी मऊ करायला गिरणीत त्यावर तेल-पाण्याचं मिश्रण मारतात आणि ते तेल पुष्कळदा पेट्रोलियमचं असतं, जुन्या पोत्याला रॉकेलसारखा वास येतो तो त्याचाच. कॉफी-कोकोच्या निर्यातीसाठी वनस्पती तेल वापरून वेगळी फूड ग्रेड पोती बनवतात ती म्हणूनच. शिवाय सुतळीची कुसं सुटतात, ती सारणात गेली की माशाच्या काट्यासारखी शोधत बसा. सुतळी पोत्यालाच बरी.

आळूचं_पान
मला एक कळत नाही, या सगळ्याला दोरा लागतोच कशाला? आमच्याकडे अळूवडीला आयुष्यात कधी दोरा लावला नाही. वडीचं अळू घ्यायचं, काळ्या देठाचं, भाजीचं नाही. पान उलटं पाटावर ठेवून मधली जाड शीर सुरीने तासायची आणि बाकीच्या शिरांवरून लाटणं फिरवायचं, पान मऊ झालं पाहिजे. मग पीठ पातळ थरात, पान पालथं-सुलथं, दोन्ही बाजू आत दुमडून घट्ट वळायचं. उंडा सुटतो तो दोरा नसल्यामुळे नाही, शिरा न चेचल्यामुळे सुटतो. ताठ शीर वाफेतही ताठ राहते आणि उंडा उघडते. लोक शिरा तशाच ठेवतात आणि वरून दोऱ्याचे वेढे देत बसतात.

बेलापूरची_सून
+१ शिरांबद्दल.
पण दोऱ्याबद्दल नाही पटलं. सासूबाई सात-आठ पानांचा जाडजूड उंडा करतात, तो नुसता वळून चाळणीत ठेवला तर मोदकपात्रातून काढताना मधेच वाकतो. दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी बांधला की उचलायला सोपं पडतं. घरची चार पानांची वडी असेल तर नको, लग्नाकार्याला मोठे उंडे असतील तर पाहिजे.

पाटावरवंटा
दोघींचंही बरोबर आहे, भांडू नका. दोरा कशासाठी असतो हे बघा ना. पदार्थ शिजून स्वतः आकार धरेपर्यंत त्याला धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. अळूवडीत बेसन वाफेवर पंधरा-वीस मिनिटांत घट्ट बसतं, त्यानंतर दोरा बिनकामाचा, गार झाला की कापून टाकायचा आणि मग वड्या पाडून तळायच्या. दोऱ्यासकट तळणारे लोक मी पाहिलेत, का ते देव जाणे.

आणि किती घट्ट बांधायचं तेही यावरूनच ठरतं. बेसन वाफेत फुगतं, म्हणून उंड्याला सैल, बोट आत जाईल इतपत. आवळून बांधलात तर दोरा पान फाडून पिठात जातो आणि गार झाल्यावर काढताना वडीचे लचके निघतात. कारलं उलट, शिजताना पाणी सोडून आकसतं, म्हणून सुरुवातीलाच घट्ट बांधायचं, नाहीतर अर्ध्यात वेढे ढिले पडून सारण तेलात. मांसही आकसतं, तेही घट्ट. मासा फार आकसत नाही पण कातडी नाजूक, तिथे हलक्या हाताने.

कर्जत_लोकल
हे फार भारी सांगितलंत! कारल्याला गाठ कशी मारता पण? मी मारली तर सोडवताना कारल्याचा चेंदामेंदा होणार हे नक्की.

पाटावरवंटा
कारल्याला गाठ मारायचीच नाही. दोरा हातभर लांब घ्यायचा, एक टोक चार बोटं बाहेर सोडून देठाकडून सुरुवात करायची, तेच टोक पहिल्या दोन वेढ्यांखाली दाबायचं. मग तिरके वेढे देत शेंड्यापर्यंत, तिथून उलट तिरके देत परत देठाकडे, म्हणजे वर फुल्या-फुल्या दिसतात. शेवटचं टोक कुठल्याही फुलीखाली सरकवून ओढायचं. कारल्याच्या खडबडीत कातडीवर दोरा आपोआप अडकून राहतो, वेगळी गाठ लागत नाही. चीर असलेली बाजू वर ठेवून आधी पाठ परतायची, सारण बसलं की उलटायचं. शिजल्यावर शेवटचं टोक धरून ओढलं की सगळा दोरा एका दमात बाहेर.

गाठ मारायचीच असेल तर सुरगाठ. निरगाठ मारली की कात्री आली आणि कात्री आली की दोऱ्याचा बारीक तुकडा ताटात जाणारच. परदेशातले खाटीक रोस्ट बांधतात तीही सरकफासाचीच जात आहे, ओढली की आवळते आणि शेवटी अडकवून टाकतात.

म्हापशेकर
गोंयचें कोणीच कसं बोललं नाही अजून. आमच्या चोरीसचं सगळं दोऱ्यावरच चालतं. डुकराचं मांस मीठ लावून, मग व्हिनेगर-मिरची-मसाल्यात मुरवून आतड्यात भरतात, आणि दर थोड्या अंतरावर दोऱ्याने आवळून एकेक मणी पाडतात, मग उन्हाला आणि चुलीच्या धुराला. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात त्या लाल माळा टांगलेल्या दिसतात त्याच. इथे दोरा शिजवण्यापुरता नाही, तो मण्यांचं तोंडही बंद ठेवतो आणि माळ टांगायलाही तोच.

शहरातले लोक विकत नेतात आणि माळेसकट पुलावात टाकतात! अरे बाबांनो आधी दोरा कापा, प्रत्येक मण्याची दोन्ही टोकं उडवा, साल सोला, मग आतलं मांस कांद्यावर परता. वेगळं तेल घालू नका, त्याचीच चरबी सुटते. साल ठेवलीत तरी चालेल एकवेळ, दोरा मात्र मोजून बाहेर.

दिल्लीतला_मराठी
दोरा म्हटल्यावर सुतली कबाब आठवलाच पाहिजे. जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या बाजूला मिळतात. मोठ्याचा म्हणजे म्हशीचा खिमा कच्ची पपई लावून इतका मऊ केलेला असतो की सळईवर राहतच नाही, गळून निखाऱ्यात पडेल, म्हणून सळईवर थापल्यावर वरून सुताचे वेढे देतात. भाजून झाल्यावर कबाबवाला दोऱ्याचं टोक पकडून सर्रकन ओढतो आणि खिमा पानावर पडतो, त्याला कबाबाचा आकार वगैरे फारसा उरतच नाही. वर कांदा, लिंबू. कलकत्त्यात नाखोदा मशिदीजवळ झकारिया स्ट्रीटवर हाच प्रकार सुता कबाब म्हणून मिळतो, तो मी खाल्लेला नाही, ऐकून आहे.

आपल्याकडे लोक विचारतात दोरा जळत कसा नाही. खिम्याची चरबी आणि पाणी झिरपून दोरा ओला राहतो, आणि निखारे असतात, ज्वाळा नाही. टोकं जळतातच, मधलं वाचतं.

न्यूजर्सीचा_नाना
तोच प्रकार ओव्हनमध्ये. इथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला आख्खी अमेरिका टर्की भाजते आणि आपल्या मंडळाच्या लोकांनाही हौस येते, मग ग्रुपवर बांधायच्या फोटोंचा पूर. दोरा भाजायच्या आधी पाण्यात भिजवून ठेवा, कोरडा दोरा वरच्या बाजूला काळा पडतो आणि उचलताना तुटतो.

पण मी आता सांगतो ते ऐकून कोणी चिडू नका, टर्की काय आणि आख्खी कोंबडी काय, पाय-पंख आवळून पॅक करायची गरज नसते. फोटोत सुबक दिसते हे मान्य. मांडीचा आतला भाग आधीच सगळ्यात उशिरा शिजतो, त्यात तंगड्या पोटाशी आवळून बांधल्या की तिथे गरम हवा पोचत नाही, आणि मांडी शिजेपर्यंत छातीचं मांस कापूस होतं. मी फक्त तंगड्यांची टोकं एकमेकांना सैल बांधतो. मांडीच्या सांध्यात हाडाला न लावता थर्मामीटर, १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सियस. सळईवर फिरवून भाजायची असेल तर मात्र घट्ट बांधा, लोंबणारे पाय-पंख जळतात.

बऱ्याच टर्कींच्या तंगड्या दुकानातूनच क्लिपने अडकवलेल्या येतात, तिथे वेगळा दोरा लागतच नाही.

ठसकेबाज
नाना, कारल्याच्या धाग्यावर टर्की.

न्यूजर्सीचा_नाना
"इतर पदार्थांचंही चालेल" असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, वाचा.

वसईची_वहिनी
भरलेल्या पापलेटचं लिहिते. पोटाच्या बाजूने चीर देऊन हिरवी चटणी भरली की लोक सगळ्या अंगभर दोरा गुंडाळतात आणि मग रव्यात घोळवतात, मग तळून दोरा ओढला की रव्याचं कवच दोऱ्याबरोबर निघून येतं आणि पाहुण्यांसमोर बोडका मासा. आधी मासा रव्यात घोळवा, मग दोनच आडवे वेढे, एक डोक्यामागे आणि एक शेपटीच्या अलीकडे, गाठ पाठीवर येऊ दे. मोठं पापलेट असेल तर मधे एक. चिरेच्या कडेला तांदळाच्या पिठाची पेस्ट लावली तर तेवढ्याचीही गरज पडत नाही खरं म्हणजे.

पारशांची पात्रा नी मच्छी मात्र दोऱ्याशिवाय नाही. केळीचं पान आधी विस्तवावर धरून मऊ करायचं, रंग गडद हिरवा होतो आणि दुमडताना चिरत नाही. चटणी लावलेला तुकडा मधे, पुडी दुमडली की बर्फीच्या खोक्याला बांधतात तसा आडवा-उभा दोरा आणि वर सुरगाठ, दुमडलेली बाजू खाली ठेवून वाफवायचं. पुडी प्रत्येकाने आपल्या ताटात सोडायची, म्हणून इथे दोरा ताटात येतो तेच बरोबर.

आळूचं_पान
केळीच्या सोपाचे तंतू काढून त्यानेच बांधायचं की मग! देवाच्या माळा त्यानेच ओवतात ना कोकणात. ओले असताना मजबूत असतात, वाफवायला काही हरकत नाही. तळायला, भाजायला नको, वाळून तुटतात.

मांजरांचा_डॉक्टर
सगळ्यांनी छान छान लिहिलंय, मी जरा वेगळं लिहितो कारण दवाखान्यात हे येतं. मासे-मटणाचा रस लागलेला दोरा ओट्यावर किंवा उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं आणि उरलेला आतड्यात पुढे जातो, मग आतडं त्याच्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि दोरा आतून कापू शकतो. उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात बसून राहणं, असं दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. आणि तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर कृपा करून ओढू नका, आत काय झालंय ते माहीत नसतं. कुत्रीही खातात, पण मांजरांत जास्त.

मुठाकाठ
बापरे, हे माहीत नव्हतं. धन्यवाद डॉक्टर. बांधलेला दोरा काढला की लगेच कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, हे आजपासून.

माणसांसाठी पण एक, जेवढे नग बांधले तेवढे दोरे परत मिळाले का ते वाढायच्या आधी मोजा. कारली बारा तर दोरे बारा. वर सांगितलेली एकाच लांब दोऱ्याची पद्धत म्हणूनच बरी, तुकडे तुकडे जोडून बांधलं की हिशोब लागत नाही.

सूतकताई
पुरचुंडीचं कोणी लिहिलं नाही. बिर्याणीचा खडा मसाला मलमलच्या फडक्यात बांधून यखनीत (मटणाच्या पातळ रश्शात) सोडतात, तिथे दोऱ्याचं दुसरं टोक पातेल्याच्या कानाला बांधून ठेवायचं, मग पुरचुंडी शोधायला पळीने ढवळाढवळ नको. झाकण नीट बसलं पाहिजे आणि टोक गॅसच्या ज्योतीपासून दूर, इतकंच. गवती चहाला दोरा नको, पातीचीच गाठ मारून टाकायची.

बेलापूरची_सून
अवांतर: लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायला मी हाच जाड सुती दोरा वापरते. रबरबँड उन्हात-तेलात महिन्याभरात कुजतो, दोरा वर्षभर टिकतो.

कर्जत_लोकल
सुरीशिवाय वड्या कापायला दोरा वापरतात म्हणे, ते खरं का?

आळूचं_पान
खरं आहे, पण अळूवडीला नको, पानाच्या शिरा दोऱ्याला जुमानत नाहीत, तिथे धारदार सुरीच. कोथिंबीर वडीच्या उंड्याला चालतो, तोही पूर्ण गार झाल्यावर. दोरा खालून घालायचा, वरती दोन्ही टोकं फुलीसारखी ओलांडायची आणि सरळ बाहेर ओढायचं. सुरीने दाबून वडी चपटी होते तशी होत नाही. उकडलेल्या अंड्याला पण मस्त, पिवळा बलक सुरीला चिकटून फाटतो तसा फाटत नाही.

वसईची_वहिनी
अंड्याला बारीक दोरा घ्या, जाड घेतला तर बलक भुगा होतो.

ठसकेबाज
चक्का टांगायला कुठला दोरा ते पण सांगून टाका कोणीतरी, नळाला लावलेली पुरचुंडी रात्री धप्पकन सिंकमध्ये येते.

पाटावरवंटा
चक्क्याला दोरा घेऊच नका. फडक्याची चारही टोकं गोळा करून त्यातल्याच एका टोकाने बाकी तिघांना वेढे द्या आणि गाठ मारा, ओल्या सुती कापडाची गाठ सुटत नाही. नळाला लावू नका, तो फिरतो. लाटणं खोल पातेल्यावर आडवं ठेवून त्याला टांगा आणि पातेलं फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात बाहेर ठेवलात तर सकाळपर्यंत आंबट होईल. पुरचुंडी तळाला टेकत नाही ना ते बघा, टेकली तर खालचा चक्का पाण्यातच बसतो.